भागीचा पट्टा

सुरुवातीलाच क्षमा मागतो. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नाही. एखाद्या माणसाविषयी लिहायचं तर ते त्याला पुरतं ओळखणाऱ्यानं लिहावं, असं मला वाटतं. रंगनाथ आप्पांना मी अडीच वर्षं ओळखलं, तेही बरंचसं मधल्या भिंतीपलीकडून. त्यांचं मूळ गाव कुठलं, भावंडं किती, हे मला सांगता येणार नाही. शिवाय त्यांची गोष्ट सांगायची तर त्यात माझी एक चूक येते. ती वगळून लिहून पाहिलं, पण मग गोष्टच राहीना. म्हणून आहे तसं लिहितो.

मी इनामगावचा. शिरूरला कॉलेजात प्रवेश घेतला तेव्हा जायला-यायला बस धड मिळेना, म्हणून नदीच्या बाजूच्या एका आळीत खोली घेतली. खोलीला लागून आप्पांचं घर होतं. दोन खोल्या, पुढं कडुलिंब, कडुलिंबाखाली जुनी पांढरी मारुती आणि मारुतीच्या सावलीत भागी. भागी म्हणजे त्यांची कुत्री. गावठीच, तपकिरी, एक कान कायम पडलेला.

आप्पा एसटीत ड्रायव्हर होते. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं, असं आळीतले लोक सांगायचे. आप्पा स्वतः सांगायचे नाहीत. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "आपुन चांगलं चालिवलं म्हणून न्हाई. समोरच्यांनी संभाळून घेतलं."

निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी त्यांची एसटी सुटली नव्हती. गाडी काढायच्या आधी ते हातात काठी घेऊन गाडीला एक फेरी मारायचे आणि चारी चाकांवर काठी हाणून आवाज ऐकायचे. मग आत बसायचे, आरसा पुसायचे आणि स्वतःच तोंडानं "टिंग टिंग" म्हणायचे. डबल बेल झाल्याशिवाय त्यांचा पाय क्लचवरून उठत नसे. किराणा आणायला जातानासुद्धा. आळीतली पोरं दुरून "टिंग!" असं एकदाच ओरडायची, म्हणजे गाडी थांबवायची बेल. आप्पा खरंच थांबायचे. खिडकीतून मान काढून म्हणायचे, "उतरा, कुणाला उतरायचंय?" पोरं हसून पळायची. ते मात्र हसायचे नाहीत.

घरात ते एकटेच राहायचे. त्यांच्या पत्नीला, सुमनकाकूंना, मी येण्याच्या आधीच्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. त्यांना दौंडला मुलीकडं, विद्याताईंकडं ठेवलं होतं, कारण तिथं दवाखाना जवळ होता आणि करणारं बाईमाणूस होतं. आप्पांनीही तिथंच राहावं असं विद्याताईंचं म्हणणं होतं. पण फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, आणि सोसायटीत कुत्रं चालत नव्हतं. जावयांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मामा, तुम्ही या, पण ती नको." आप्पा भागीला सोडून गेले नाहीत.

यावरून लोक बोलायचे. कोपऱ्यावरचा दुधवाला तर तोंडावर म्हणाला होता, "आप्पा, तुमचं उलटंच हाय. बायकू दौंडात आन् कुत्री घरात!"

आप्पा म्हणाले, "व्हय. उलटंच हाय."

एवढंच. खरी गोष्ट मला नंतर कळली. भागीला काकूंनी आणलं होतं, एवढंसं पिल्लू असताना, पदरात घालून. आप्पांना कुत्र्यांची आवड मुळीच नव्हती. पण आता काकू कुणाला ओळख देत नव्हत्या. मुलीला नाही, नवऱ्याला नाही. डावा हात चालत होता, पण कुणासाठी उचलत नव्हत्या. फक्त भागी खाटेजवळ गेली की तो हात उठायचा, चाचपडत जायचा आणि तिचा पडलेला कान धरायचा. जावयांनी रविवारचे दोन तास मान्य केले होते. म्हणून दर रविवारी आप्पा भागीला घेऊन दौंडला जायचे. न्हावऱ्यावरून, आमच्या गावाच्या अंगानं, नदी ओलांडून. पन्नासेक किलोमीटर. चाळीसच्या वर काटा जाऊ द्यायचे नाहीत.

मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. खोलीत फिनेलचा वास होता. काकू भिंतीकडं बघत होत्या. आप्पा दारातच थांबले आणि भागीला म्हणाले, "जा." भागी नखांचा आवाज न करता गेली आणि खाटेच्या काठावर हनुवटी टेकवून उभी राहिली. हात उठायला पाच मिनिटं लागली असतील. तेवढा वेळ आप्पा दारातच उभे होते. आपण पुढं गेलो तर हात उठायचा नाही अशी त्यांना भीती असावी, असं मला वाटलं. परत येताना न्हावऱ्यापाशी म्हणाले, "बघितलंस ना? मला न्हाई वळखत. मी आपला ड्रायव्हर."

सुरुवातीला भागी मागच्या सीटवर मोकळीच बसायची. एका रविवारी रस्त्यात शेळ्या आडव्या आल्या. भागी भुंकत दोन सीटांच्या मधून पुढं आली ती थेट आप्पांच्या मांडीवर, आणि तिचा पाय स्टिअरिंगच्या दांडीत अडकला. गाडी रस्त्याच्या कडेला खडीवर जाऊन थांबली. कुणाला लागलं नाही. आप्पा घरी आले ते मात्र पांढरेफटक होऊन.

"एकतीस वर्षं पाशिंजर नेलं," ते मला म्हणाले. "हुबं राहिलेलं बी नेलं. पर असं कवा झालं न्हाई. ही बी पाशिंजरच हाय. चार पायाची हाय म्हणून काय झालं? आपुन ब्रेक मारतो तो आपल्याला लागत न्हाई. मागच्याला लागतो."

तेव्हापासून भागीला गाडीत नीट बसवायचं कसं, हा त्यांच्या आयुष्यातला मोठा प्रश्न झाला. दोन महिने ते दुसऱ्या कशाविषयी बोलले नाहीत. आधी त्यांनी सुताराकडून फळ्यांची पेटी करून घेतली आणि मागची सीट काढून तिथं ठेवली. मग प्रयोग सुरू झाले. भागीचं वजन किराणा दुकानातल्या काट्यावर केलं, तेवढ्याच वजनाची बाजरी पोत्यात भरली, पोतं पेटीत ठेवलं आणि बाजार समितीच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी नेली. चाळीसवर न्यायची आणि कचकन ब्रेक मारायचा. उतरायचं, पोतं कुठं सरकलं ते बघायचं, खडूनं खूण करायची. पुन्हा टिंग टिंग.

बघायला माणसं जमली. एक हमाल ओरडला, "आप्पा, बाजरीला सीट मिळाली, आम्ही हुबंच का?"

"तुमी पुढल्या गाडीनं या," आप्पा म्हणाले. यावेळी ते थोडे हसले होते. मी आप्पांना हसताना पाहिलं ते त्या दोन महिन्यांतच.

पेटी बाद झाली. ब्रेक मारला की सगळी पेटीच पुढं यायची, आणि आत वारा नव्हता. नंतर त्यांनी पुढच्या सीटांच्या मागं लोखंडी जाळी बसवली. भागी पुढं येईना, पण वळणावर इकडून तिकडं आपटायची, आणि जाळीच्या तारेनं तिचं नाक सोललं. आप्पा तिच्या नाकाला हळद लावत म्हणाले, "न्हाई जमलं. ही कैद झाली, प्रवास न्हाई."

आणि मग त्यांनी मला विचारलं.

"तू कॉलेजात हाईस. मोबाईलमधी समदं असतं म्हणत्यात. फॉरेनची माणसं कुत्री नेत्यात गाडीतून. ती कशी नेत्यात बघ की जरा."

मला फार बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. आमच्या घरी मला कुणी कधी इंग्रजी वाचून दाखव म्हटलं नव्हतं. आम्ही ओट्यावर बसलो. माझ्या मोबाईलची काच फुटलेली होती आणि नेट इतकं हळू की चित्रांच्या जागी नुसतं चक्र फिरत राहिलं. अक्षरं तेवढी आली. मी एकेक वाक्य वाचून मराठीत सांगू लागलो. पिंजरा वापरता येतो, तो पक्का बांधलेला हवा. जाळी वापरता येते. आप्पा मान डोलवत होते. "झालं ते करून. पुढं?"

पुढच्या वाक्यात 'हार्नेस' असा शब्द होता. तो मला माहीत नव्हता. तो सीटबेल्टला अडकवायचा, एवढं समजलं. म्हणजे काहीतरी पट्टाच असणार. मी म्हणालो, "पट्टा लावायचा आप्पा. आणि तो सीटच्या पट्ट्याला अडकवायचा."

"पट्टा तर हायेच तिच्या गळ्यात," आप्पा म्हणाले. "मंग पुढं काय लिव्हलंय?"

पुढं लिहिलं होतं की कॉलरला अडकवू नका. कॉलर म्हणजे मला शर्टाची ठाऊक. कुत्र्याला कुठली आली कॉलर? मी ते वाक्य दोनदा मनात वाचलं. 'हा शब्द मला येत नाही' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण आप्पा माझ्या तोंडाकडं बघत होते, मास्तरांकडं बघतात तसे.

मी म्हणालो, "एवढंच आहे."

आपल्याकडं कुत्र्याच्या गळ्यातला तो पट्टा, गाडीत बांधतात तो पट्टा, पँटला लावतात तोही पट्टाच. एकाच शब्दात सगळं बसतं. आप्पांनी जाळी काढून मागची सीट परत बसवली, गॅरेजवाल्याकडून मागं पट्टा बसवून घेतला आणि भागीच्या गळ्यातला पट्टा मजबूत कडीनं त्याला जोडला. बाजरीच्या पोत्याला गळा नव्हता, म्हणून हा प्रयोग करून बघता आला नाही.

चार रविवार नीट गेले. पाचव्या रविवारी न्हावऱ्याच्या अलीकडं उसाची ट्रॉली शेतातून एकदम रस्त्यावर आली. आप्पांनी ब्रेक मारला. भागीचं अंग सीटवरून पुढं गेलं आणि मान मागं राहिली. ती दोन सीटांच्या मध्ये गळ्यातल्या पट्ट्याला लोंबकळली. आप्पांनी उतरून, मागचं दार उघडून कडी काढेपर्यंत तिचे डोळे पांढरे झाले होते.

ती वाचली. गुरांच्या डॉक्टरांनी सुया दिल्या. आठ दिवस तिला पाणीसुद्धा गिळता येत नव्हतं, आप्पा चमच्यानं तोंडाच्या कडेनं सोडायचे. मी बघायला गेलो तेव्हा माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "तुझं उपकार हायेत बाबा. पट्टा व्हता म्हणून वाचली. न्हाईतर काचंतनं भाईर गेली असती."

मला तेव्हा ते खरंच वाटलं. मी मनातून सुखावलोसुद्धा. दोन दिवसांनी कॉलेजच्या ग्रंथालयात इंग्रजी-मराठी शब्दकोश समोर आला म्हणून सहज 'हार्नेस' काढून बघितला. 'घोड्याचा साज' असं लिहिलं होतं. त्याच कोशात कॉलर शोधली. शर्टाच्या गळपट्टीच्या खाली दुसरा अर्थ होता: कुत्र्याच्या गळ्यातील पट्टा.

मी कोश मिटला आणि जागेवर ठेवला.

आप्पांना सांगायला मला तीन आठवडे लागले. रोज जायचो आणि भागी कशी आहे एवढंच विचारून परत यायचो. भागी उठून बसली, खाऊ लागली, पण गाडीजवळ जाईना. आप्पांनी दार उघडलं की ती कुंपणापर्यंत मागं सरायची. त्यांनी गाडीत भाकरी ठेवून बघितली, काकूंचं जुनं लुगडं सीटवर अंथरून बघितलं. एकदा शेजारच्या टेम्पोत चढवायचा प्रयत्न केला, तेव्हा तिनं अंगणातच मुतून टाकलं आणि आप्पांनी तिला खाली ठेवून दिलं. रविवारी ते एकटे एसटीनं जाऊ लागले. "काय म्हणतात काकू?" असं मी विचारलं तर म्हणायचे, "दाराकडं बघती. माझ्या मागं कोन हाय का म्हणून."

शेवटी एका संध्याकाळी मी सांगितलं. शब्द येत नव्हता, तो साज होता, गळ्याला लावू नका असं पुढं लिहिलं होतं, मी ते वाचलं होतं आणि सांगितलं नाही. एवढं बोलायला मला किती वेळ लागला कोण जाणे.

आप्पा रागावतील असं वाटलं होतं. ते उठून घरात गेले आणि सुताचा दोर घेऊन आले. भागीला जवळ बोलावलं. तिच्या छातीवरून, पुढच्या पायांच्या मागून, पाठीवरून असा दोर घेतला आणि पाठीवर गाठ मारली. गळा मोकळाच ठेवला.

"आमचा बाप दौंड ठेसनावर टांगा हाकायचा," ते म्हणाले. "बैल मानंनं वढतो. घोडा छातीनं. घोड्याच्या गळ्याला कवा वज द्यायचं न्हाई. बारका हुतो तवापसनं ठावं हाय मला." दोर सोडून त्यांनी त्याची गुंडाळी केली. "साज म्हणला असतास तर कळलं असतं रं."

मी म्हणालो, "आप्पा, चुकलो."

"म्या बी चुकलोच की. वाचणारा तू, पर चालिवणारा मी हुतो."

यापलीकडं ते कधी काही बोलले नाहीत. माझ्याशी त्यांचं वागणंही बदललं नाही. सणाला ताट यायचं, माझ्या सायकलची हवा ते भरून ठेवायचे. फक्त पुन्हा कधी त्यांनी मला काही वाचायला सांगितलं नाही. विजेचं बिल आलं, काकूंच्या औषधाची चिठ्ठी आली, तर ती घेऊन ते कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत चालत जायचे.

त्यांनी चांभाराकडून कातड्याचा साज करून घेतला. छातीवर रुंद, आतून गोधडीचं कापड लावलेला, गळ्याला कुठंही न लागणारा. तसा साज मी नंतर पुण्याच्या दुकानांतही पाहिला नाही. भागी तो अंगावर घालू द्यायची. गाडीत मात्र चढायची नाही.

बी.ए. झाल्यावर मला पुण्यात पुढं प्रवेश मिळाला. खोली सोडली त्या सकाळी मी त्यांचा निरोप घ्यायला गेलो. मारुतीची चारी दारं सताड उघडी होती. आप्पा मागच्या सीटवर बसले होते, भागीच्या जागेवर, मांडीवर साज घेऊन. दहा पावलांवर भागी पुढच्या पायांवर तोंड ठेवून त्यांच्याकडं बघत होती. गाडी चालू नव्हती. "ये गं," आप्पा म्हणत होते. "बघ, मी बी हितंच बसतो. ये." भागीची शेपटी हलत होती, पाय हलत नव्हते. मी पाया पडलो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण डोळे तिच्यावरून काढले नाहीत. मी वळणावरून मागं बघितलं तेव्हाही ते तसेच बसलेले होते.

त्यानंतर मी त्यांना फोन केला नाही. करावा असं पुष्कळदा वाटलं. विद्याताईंचा नंबरही माझ्याकडं होता. पण काय विचारायचं, आणि कुठल्या तोंडानं, ते सुचत नव्हतं. परीक्षा आणि दुपारची नोकरी यांत इनामगावलाही दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत जाणं झालं नाही.

त्या दिवाळीत घरी गेलो. आई चुलीपुढं बसली होती, मधेच म्हणाली, "तुझं ते शिरूरचं आप्पा आलं हुतं की रं. सांगायचंच राहिलं."

"कधी?"

"व्हळी झाल्यावर. कुत्री घिऊन. चालत."

मला आधी समजलंच नाही. आईनं सांगितलं ते असं. दुपारचं ऊन व्हायच्या सुमाराला एक म्हातारा पांढऱ्या टोपीचा माणूस विहारासमोरच्या पिंपळाखाली बसलेला दिसला. पायांत धुळीनं भरलेल्या चपला, सोबत कुत्री, तिच्या अंगावर घोड्यासारखा पट्टा. आईनं पाणी दिलं ते त्यांनी आधी कुत्रीच्या पंजांवर ओतलं, मग तिला पाजलं आणि मग स्वतः प्यायले. कुठं निघालात, म्हटल्यावर म्हणाले, दौंडला. माझं नाव सांगून घर विचारलं.

"म्या म्हणलं, अवं एवढ्या लांब चालत? गाडी न्हाई का तुमच्याकडं? तर म्हणलं, हाय की. पर ती बसत न्हाई, आन् म्या बसवत न्हाई. उन्हाचं थांबलं, तिचं पाय भाजत्यात म्हणून. ऊन कललं तसं गेलं."

"माझ्याविषयी काही बोलले?"

"मला म्हणलं, पोरगं तुमचं भलं हाय. मला इंग्रजी वाचून दाखवायचं." आई चुलीत लाकूड सारत म्हणाली, "आन् म्या जेवाय वाढलं, तर निम्मी भाकरी तिलाच."

"पोचले का ते?"

"ते मला काय ठावं?"

मी बाहेर येऊन विद्याताईंना फोन लावला. त्यांनी मला ओळखायला थोडा वेळ घेतला.

आप्पा पोचले होते. घरून निघाल्याच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला. काकूंनी अन्न सोडलं आहे असा निरोप मिळाला होता, म्हणून निघाले होते. दार जावयांनी उघडलं. त्यांनी आधी भागीचे पंजे बघितले, मग आप्पांचे पाय, आणि बाजूला झाले. सोसायटीचं काय ते मी बघतो, एवढंच नंतर म्हणाले. भागी सरळ खाटेवर चढली. यापूर्वी ती कधी चढली नव्हती. काकूंचा हात उठला, कानाला लागला आणि तिथंच राहिला. पेज दोन चमचे घेतली त्या दिवशी. भागी नऊ दिवस खाटेवरून फक्त बाहेर जाण्यापुरती उतरली. आप्पा खाली चटईवर असायचे.

"दहाव्या दिवशी आई गेली," विद्याताई म्हणाल्या. "तुला कुणी कळवलं नाही का?"

मी नाही म्हणालो. आणि आप्पा, असं विचारलं.

"राहा म्हटलं आम्ही. हेसुद्धा म्हणाले, दोघंही राहा. नको म्हणाले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तिला तो साज घातला, आणि निघाले." फोनवर मालगाडीचा आवाज आला. "ह्यांनी टेम्पो बघतो म्हटलं होतं. तर आप्पा म्हणाले, घाई कसली आता. गॅलरीतून दिसत होते मला. ती पुढं चालली होती, आप्पा मागं. ती थांबली की थांबत होते."